नर्सच्या हाती ऑटोस्कोप : कोलोरॅडोतील बाल-आरोग्य शिक्षणाची साठ वर्षे

डेन्व्हर शहरात नाइन्थ अव्हेन्यू आणि कोलोरॅडो बूलव्हार्ड जिथे मिळतात, त्या चौकात आज दुकाने, हॉटेले, सिनेमागृह आणि राहत्या इमारती आहेत. १९२४ पासून पुढची ऐंशीएक वर्षे इथे कोलोरॅडो विद्यापीठाचे रुग्णालय आणि वैद्यकीय महाविद्यालय होते. १९६५ साली याच आवारात नर्सेससाठी चार महिन्यांचा एक वर्ग सुरू झाला. त्याला ना स्वतंत्र इमारत होती, ना पदवी, ना कुठल्या परिषदेची मान्यता. चालवणारी माणसे दोन : सार्वजनिक आरोग्य परिचर्येच्या प्राध्यापिका लोरेटा फोर्ड आणि बालरोग विभागातले प्राध्यापक डॉ. हेन्री सिल्व्हर. पाठीशी न्यूयॉर्कच्या कॉमनवेल्थ फंड या न्यासाचे साहाय्य आले. अमेरिकेतला पहिला नर्स प्रॅक्टिशनर अभ्यासक्रम म्हणून आज ज्याची नोंद होते, तो हा वर्ग.

संस्थेचा इतिहास म्हटला की कोनशिला, देणगीदार आणि पदाधिकाऱ्यांची छायाचित्रे ओघाने येतात. या संस्थेला कोनशिला नाही. एकाच आवारातून तीन वर्षांच्या अंतराने दोन वाटा फुटल्या, एक नर्सिंगची आणि दुसरी वैद्यकीय महाविद्यालयाची. दोन्ही निघाल्या होत्या लहान मुलांसाठी. अर्धशतक त्या समांतर चालल्या आणि आता मुलांच्या रुग्णालयांतल्या पदव्युत्तर फेलोशिपच्या वर्गात पुन्हा एका बाकावर येऊन बसल्या आहेत. या इतिहासात मला सांगण्याजोगे वाटते ते एवढेच. बाकीचा तपशील त्याच्या अनुषंगाने.

लोरेटा फोर्ड यांचा जन्म १९२० चा, न्यूयॉर्कचा. नर्सिंगचे शिक्षण न्यू जर्सीत झाले, युद्धकाळात सैन्यदलात नर्स म्हणून नोकरी झाली आणि नंतर कोलोरॅडो विद्यापीठात पदवी, पदव्युत्तर पदवी आणि १९६१ मध्ये शिक्षणशास्त्रातली डॉक्टरेट. पण त्यांची खरी शाळा बोल्डर काउंटीतली खेडी होती. तिथे त्या सार्वजनिक आरोग्य परिचारिका होत्या. डॉक्टर दूर, रस्ते डोंगराचे. कधी शाळेच्या खोलीत, कधी चर्चमध्ये टेबल मांडून तात्पुरता दवाखाना भरायचा. बाळाचे वजन, लसी, आईच्या शंका, शाळकरी मुलांची नजर नि दात, सगळे तीच नर्स बघायची. काय चालले आहे ते तिला समजायचे, बहुतेक वेळा काय करायला हवे तेही कळायचे. मात्र कागदावर तिला 'निदान' करण्याची मुभा नव्हती. आपल्याकडच्या एएनएमताईंना ही परिस्थिती समजावून सांगावी लागणार नाही.

हेन्री सिल्व्हर यांचे नाव बालरोगतज्ज्ञांना दुसऱ्याच कारणाने ठाऊक असते. जन्मतः खुरटी वाढ आणि शरीराच्या दोन बाजूंत तफावत असणाऱ्या मुलांचे वर्णन त्यांनी १९५३ मध्ये केले, पुढच्या वर्षी लंडनच्या रसेल यांनी तशाच मुलांचे केले, आणि 'सिल्व्हर-रसेल सिंड्रोम' हे नाव पडले. डेन्व्हरच्या बालरोग विभागाचे प्रमुख हेन्री केम्पे यांच्या १९६२ मधल्या ज्या लेखाने घरात मार खाणाऱ्या मुलांकडे साऱ्या वैद्यकविश्वाचे लक्ष वेधले, त्या लेखाच्या पाच लेखकांतही सिल्व्हर होते. म्हणजे हा विभाग नुसता रोगांचा अभ्यास करणारा नव्हता. मूल कुठल्या घरातून येते आणि कुठल्या घरी परत जाते, हा प्रश्न तिथे रोजचा होता. असा विभाग नसता, तर फोर्डबाईंना जोडीला डॉक्टर मिळाला असता का, याची मला शंका आहे.

१९६५ हे वर्षही ध्यानात घेण्यासारखे. त्या उन्हाळ्यात अमेरिकेत मेडिकेअर आणि मेडिकेड हे कायदे झाले. मेडिकेडमधून गरीब कुटुंबांतल्या मुलांच्या उपचाराचा खर्च सरकार उचलणार, हे ठरले. उपचार करणार कोण, हे ठरायचे होते. डॉक्टर शहरात आणि त्यातही विशेषज्ञतेकडे धावत होते. त्यामुळे 'डॉक्टर कमी पडले म्हणून नर्स प्रॅक्टिशनर आली' अशी सोपी कथा रूढ झाली. फोर्डबाईंनी ती आयुष्यभर खोडून काढली. त्यांचे म्हणणे असे, की टंचाईने फक्त दार उघडले. आत जाण्याची तयारी नर्सिंगची आधीपासून होती. निरोगी मुलाची वाढ, आहार, झोप, शिस्त, आईबापांची घालमेल हे काम मुळातच परिचर्येचे आहे आणि ते पूर्ण करायला जी तपासणी लागते ती नर्सने शिकायला हवी, इतका साधा त्यांचा मुद्दा होता.

वर्गात काय शिकवत? बाळाच्या वाढीचे टप्पे, मुलाखत घेण्याची रीत, डोक्यापासून पायापर्यंतची संपूर्ण शारीरिक तपासणी, लसीकरण, सर्दी-खोकला-जुलाब-त्वचेचे नेहमीचे आजार आणि मुख्य म्हणजे कुठे थांबून डॉक्टरांना बोलवायचे ते. त्या काळी स्टेथोस्कोप लावून छातीतल्या आवाजाचा अर्थ लावणे किंवा ऑटोस्कोपने कानाचा पडदा बघणे हे नर्सचे काम मानले जात नसे. ही हत्यारे तिच्या हाती देणे हीच मोठी गोष्ट होती.

नऊ महिन्यांच्या बाळाचा कान बघायचा म्हणजे काय, हे ज्याने बघितला आहे त्यालाच माहीत. बाळ टेबलावर ठेवायचे नाही, आईच्या मांडीवरच राहू द्यायचे. ते शांत आहे तोवर आधी हृदय आणि छाती ऐकून घ्यायची, पोट चाचपायचे. कान आणि घसा अगदी शेवटी, कारण त्यानंतर रडारड ठरलेली. आईने एका हाताने बाळाचे दोन्ही हात आणि दुसऱ्या हाताने डोके आपल्या छातीशी धरायचे. मोठ्या मुलाची कानाची पाळी वर आणि मागे ओढतात. तान्ह्याची खाली आणि मागे, कारण त्याच्या कानाच्या नळीचा कोन वेगळा असतो. ऑटोस्कोप धरलेल्या हाताची करंगळी बाळाच्या गालाला टेकवून ठेवायची, म्हणजे डोके हलले तर हातही बरोबर हलतो आणि टोक आत रुतत नाही. रडणाऱ्या मुलाचा पडदा तसाही लालच दिसतो; तेवढ्यावरून कान पिकला म्हणायचे नाही, पडदा फुगला आहे का आणि हवेच्या दाबाने हलतो का ते बघायचे. हे पुस्तकातून येत नाही. शंभर कान बघितल्यावर येते आणि तेही शेजारी कोणी जाणते उभे असेल तर.

याच आवारात त्याच सुमारास आणखी एक काम चालू होते. विल्यम फ्रँकनबर्ग आणि जोसाया डॉड्स यांनी डेन्व्हरमधल्या हजारावर मुलांना तपासून बालविकासाची एक चाळणी चाचणी बसवली आणि १९६७ मध्ये ती प्रसिद्ध केली. डेन्व्हर डेव्हलपमेंटल स्क्रीनिंग टेस्ट. लाल लोकरीचा गुंडा, काही बेदाणे, खुळखुळा, घंटा, एक इंच बाजूचे लाकडी ठोकळे, चेंडू, पेन्सिल, एवढ्या सामानावर सहा वर्षांपर्यंतच्या मुलाची हालचाल, बोलणे, हाताची पकड आणि माणसांत मिसळणे तपासता येते. मुंबई-पुण्याच्या बालविकास केंद्रांत काम केलेल्यांना 'डेन्व्हर केली का?' हा प्रश्न परिचयाचा आहे. त्यातले 'डेन्व्हर' हेच. ही चाचणी डॉक्टरच्या घाईसाठी नव्हतीच. बेदाणा चिमटीत उचलायला बाळ जितका वेळ घेईल तितका वेळ समोर बसून राहणाऱ्या माणसासाठी ती होती.

चार महिन्यांच्या वर्गानंतर वीस महिने प्रत्यक्ष काम, असा आराखडा होता. नर्सेस शहरातल्या आणि खेड्यांतल्या गरीब वस्त्यांमधल्या आरोग्य केंद्रांवर जात. डॉक्टर ठरावीक वेळी येई, एरवी फोनवर असे. पहिल्या विद्यार्थिनी सुसान स्टर्ली यांचे नाव १९६७ मध्ये 'पेडिअॅट्रिक्स' या नियतकालिकात छापून आलेल्या लेखावर सिल्व्हर आणि फोर्ड यांच्याबरोबर आहे. विद्यार्थिनीला लेखिका म्हणून बरोबरीने बसवण्यात या जोडीचा स्वभाव दिसतो. पुढच्या लेखात त्यांनी हिशेब मांडला : केंद्रावर येणाऱ्या मुलांपैकी पाऊण हिश्श्याहून अधिक मुलांचे काम नर्स संपूर्णपणे निभावते, निरोगी मुले जवळपास सगळी आणि आजारी किंवा जखमी मुलांपैकी सुमारे निम्मी.

विरोध कुठून आला? वाटेल डॉक्टरांकडून. तोही होताच. पण अधिक बोचरा विरोध नर्सिंगच्या प्राध्यापकवर्गातून झाला. हा वर्ग पदव्युत्तर शिक्षणाचा भाग व्हावा, अशी फोर्डबाईंची इच्छा होती. सुरुवात झाली ती मात्र केवळ प्रमाणपत्राने. न्यूयॉर्क विद्यापीठाच्या मार्था रॉजर्स या मोठ्या सिद्धांतकार. नर्सला डॉक्टरची दुय्यम प्रत बनवण्याचा आणि तिला तिच्या व्यवसायातून पळवण्याचा हा डाव आहे, असे त्यांनी उघड लिहिले. रॉजर्स यांची भीती अगदीच निराधार नव्हती. 'अमुक इतके काम डॉक्टरऐवजी नर्स करते' अशा भाषेत यश मोजले, की नर्सचे काम डॉक्टरच्या फूटपट्टीने मोजले जाते, आणि वरच्या परिच्छेदातला पाऊण हिश्श्याचा हिशेब नेमका तसाच आहे. तरी माझे मत फोर्डबाईंच्या बाजूने पडते, कारण त्यांनी चर्चा न करता वर्ग भरवला.

हा विरोध किती महाग पडू शकत होता, ते नॉर्थ कॅरोलायनातल्या ड्यूक विद्यापीठात दिसले. तिथे डॉ. यूजीन स्टेड आणि थेल्मा इंगल्स यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस नर्सेससाठीच प्रगत वैद्यकीय शिक्षणाचा प्रयोग केला होता. नर्सिंगच्या राष्ट्रीय संघटनेने त्याला मान्यता नाकारली. स्टेड यांनी नाद सोडला आणि १९६५ मध्ये नौदलातून परतलेल्या चार वैद्यकीय सहायकांना घेऊन नवा अभ्यासक्रम काढला. १९६७ मध्ये त्यांतले तिघे उत्तीर्ण झाले. फिजिशियन असिस्टंट हा पेशा तो. डेन्व्हरचा नर्सेसचा वर्ग आणि ड्यूकचा माजी सैनिकांचा वर्ग एकाच वर्षीचे आहेत.

आणि मग डेन्व्हरमध्येच दुसरी वाट फुटली. सिल्व्हर यांना वाटू लागले, की नर्सला वाढवत नेण्याला मर्यादा आहे. मुलांच्या दवाखान्यातले बहुतेक काम करू शकेल असा नवाच व्यावसायिक सरळ घडवावा. १९६८ मध्ये त्यांनी 'चाइल्ड हेल्थ असोसिएट' हा अभ्यासक्रम उभा केला. महाविद्यालयाची दोन वर्षे झाली, की तीन वर्षे वैद्यकीय आवारात, त्यातले शेवटचे इंटर्नशिपचे. नर्स असण्याची अट नाही. ड्यूकचा असिस्टंट सर्वांगीण होता, मुख्यतः प्रौढांच्या वैद्यकात वाढलेला. डेन्व्हरचा असोसिएट पहिल्या दिवसापासून मुलांचा. १९६९ मध्ये कोलोरॅडोच्या विधिमंडळाने त्याच्यासाठी स्वतंत्र कायदा केला आणि डॉक्टरच्या देखरेखीखाली मुलांचे निदान, उपचार आणि औषध लिहून देण्याचा अधिकार दिला. डॉक्टर नसलेल्या या नव्या वर्गाला औषधाची चिठ्ठी लिहिण्याची परवानगी देणारे कोलोरॅडो हे पहिले राज्य. शेजारच्या वर्गातून शिकून गेलेल्या नर्सेसना मात्र असे कायद्याचे छत्र लगेच मिळाले नाही, हे नोंदवायला हवे. वैद्यकीय विभागाने घडवलेल्या माणसासाठी कायदा झटपट झाला. नर्सिंगला तो राज्याराज्यांत भांडून मिळवावा लागला.

फोर्ड आणि सिल्व्हर यांचे भांडण झाले असे नाही, पण रस्ते वेगळे झाले. १९७२ मध्ये फोर्डबाई रॉचेस्टर विद्यापीठाच्या नव्या नर्सिंग स्कूलच्या पहिल्या डीन म्हणून गेल्या. शिकवणारी नर्स आणि वॉर्डात काम करणारी नर्स वेगळ्या असू नयेत, हा त्यांचा तिथला आग्रह पुढे 'रॉचेस्टरचे प्रतिमान' म्हणून गाजला. रॉचेस्टर निवडण्यामागे त्यांचे कारण काय असेल ते असो, योग मात्र चांगला होता : त्याच्या आदल्याच वर्षी तिथल्या एव्हन चार्नी आणि हॅरिएट किट्झमन यांनी खासगी बालरोग दवाखान्यांतल्या नर्स प्रॅक्टिशनरवर तुलनात्मक चाचणी करून 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये छापली होती. तान्ह्या बाळांची निगा नर्सने केली काय आणि बालरोगतज्ज्ञाने केली काय, दर्जात फरक सापडला नाही. किट्झमन यांनी पुढे डेव्हिड ओल्ड्स यांच्याबरोबर गरीब आणि पहिलटकर मातांच्या घरी नर्स पाठवण्याच्या प्रयोगावर काम केले. तो प्रयोग पुढे ओल्ड्स यांच्याबरोबर डेन्व्हरलाच येऊन स्थिरावला.

१९७१ मध्ये अमेरिकन बालरोग अकादमी आणि अमेरिकन नर्सेस असोसिएशन यांनी अशा लघु अभ्यासक्रमांसाठी एकत्रित मार्गदर्शक तत्त्वे काढली. १९७३ मध्ये बालरोग नर्स प्रॅक्टिशनरांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली आणि १९७५ मध्ये परीक्षा घेणारे मंडळ. दरम्यान डेन्व्हरमध्ये शाळांमधल्या नर्सेससाठी वेगळा अभ्यासक्रम निघाला होता. ज्युडिथ आयगो यांचे नाव त्याच्याशी जोडलेले आहे. शाळेतल्या नर्सने फक्त गुडघ्याला पट्टी बांधून घरी फोन करायचा, यापलीकडे जाण्याचा तो प्रयत्न होता. त्याबद्दल आणखी लिहायला हवे, पण तो स्वतंत्र लेखाचा विषय.

चाइल्ड हेल्थ असोसिएटचा अभ्यासक्रम १९७३ मध्ये पदव्युत्तर पदवी देऊ लागला. हाही फिजिशियन असिस्टंटचाच अभ्यासक्रम मानला जातो आणि त्या शिक्षणात मास्टर्स देणारी ही पहिली संस्था. देशभरातले बाकीचे अभ्यासक्रम तोवर प्रमाणपत्रावर किंवा पदवीवर होते आणि मास्टर्स सर्वत्र सक्तीची व्हायला पुढची चार-साडेचार दशके गेली. नर्सिंगच्या बाजूलाही प्रमाणपत्राचा वर्ग हळूहळू पदव्युत्तर अभ्यासक्रमात विरघळला. ज्या नर्सिंग स्कूलने सुरुवातीला हात आखडता घेतला होता, तेच स्कूल आज प्रवेशपत्रिकेवर 'पहिली नर्स प्रॅक्टिशनर इथे घडली' हे अभिमानाने सांगते. संस्थांच्या स्मृतीची ही जुनीच रीत आहे. (आपल्याकडच्या नर्सिंगच्या विद्यार्थिनी परिचर्येच्या सिद्धांतांत ज्यांचे नाव पाठ करतात, त्या जीन वॉटसनही याच स्कूलच्या, पुढे तिथे त्या डीन झाल्या.)

सिल्व्हर यांच्याबद्दल एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. १९८२ मध्ये त्यांनी लिहिले, की उत्साहाने आलेले वैद्यकीय विद्यार्थी काही महिन्यांत दबलेले, धास्तावलेले, चिडके दिसू लागतात आणि हे चित्र त्यांना मार खाणाऱ्या मुलांसारखे वाटते. पुढे अनिता ग्लिकन यांच्याबरोबर त्यांनी एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांची पाहणीच केली आणि १९९० मध्ये विद्यार्थ्यांच्या छळावरचा लेख प्रसिद्ध केला. ग्लिकन याच चाइल्ड हेल्थ असोसिएट अभ्यासक्रमातल्या. दुसऱ्याच वर्षी सिल्व्हर वारले. मुलांवरच्या मारहाणीचा लेख आणि विद्यार्थ्यांच्या छळाचा लेख, दोन्हींवर एकाच माणसाचे नाव असणे हा योगायोग मला वाटत नाही.

नव्या शतकात विद्यापीठाने जुने आवार सोडले. शेजारच्या ऑरोरा शहरात फिट्झसिमन्स हे लष्करी रुग्णालय होते, ज्यात १९५५ साली हृदयविकाराच्या झटक्यानंतर राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी मुक्काम केला होता. लष्कराने ते बंद केले आणि त्या जागेवर अॅन्शुट्झ वैद्यकीय परिसर उभा राहिला. मुलांचे रुग्णालयही २००७ मध्ये तिथेच आले. नर्सिंग स्कूल, फिजिशियन असिस्टंटचा अभ्यासक्रम आणि मुलांचे रुग्णालय पायी जाण्याच्या अंतरावर आले.

आता पदव्युत्तर प्रशिक्षणाकडे. इथे 'पदव्युत्तर' म्हणजे पेशाचा परवाना हाती आल्यानंतरचे वर्ष. डॉक्टर एमबीबीएस होऊन बालरोगात निवासी होतो, तसे काहीसे. या कल्पनेची सुरुवात बालरोगात झाली नाही. १९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या माँटेफिओरी रुग्णालयाने फिजिशियन असिस्टंटना शस्त्रक्रियेच्या विभागात निवासी म्हणून घेतले. १९८८ मध्ये अशा कार्यक्रमांची संघटना झाली. नर्स प्रॅक्टिशनरची पहिली रेसिडेन्सी त्यामानाने फारच उशिरा, २००७ मध्ये, कनेक्टिकटच्या एका सामुदायिक आरोग्य केंद्रात मार्गारेट फ्लिंटर यांनी सुरू केली.

मुलांच्या रुग्णालयांना त्याची निकड का वाटली, हे समजायला वजनकाट्याजवळ जावे लागते. अमेरिकन आईबाप बाळाचे वजन पाउंडात सांगतात. वीस पाउंडांचे बाळ म्हणजे साधारण नऊ किलो. घाईत कोणी संगणकात किलोच्या रकान्यात वीस लिहिले, तर प्रत्येक औषधाची मात्रा दुपटीहून जास्त जाते. म्हणून मुलांच्या चांगल्या रुग्णालयांत काटे फक्त किलो दाखवणारे असतात. पॅरासिटामॉलची मात्रा दर किलोला पंधरा मिलिग्रॅम धरली, तर आठ किलोच्या बाळाला एकशेवीस. हे गणित मोठ्यांच्या वॉर्डात कोणी करत नाही, इथे दर चिठ्ठीला करावे लागते. फिजिशियन असिस्टंटच्या नेहमीच्या अभ्यासक्रमात मुलांच्या वाट्याला येतात चार ते सहा आठवडे. बालरोग नर्स प्रॅक्टिशनरचे सारे शिक्षण मुलांचेच असते; पण प्राथमिक निगेचे शिक्षण घेतलेल्या नर्सला अतिदक्षता विभागातले व्हेंटिलेटरवरचे मूल नवे असते. यासाठीच २००५ पासून तीव्र आजाराच्या निगेची परीक्षा वेगळी झाली.

आणखी एक कारण व्यवहाराचे. निवासी डॉक्टरांच्या कामाच्या तासांवर अमेरिकेत २००३ पासून आठवड्याला ऐंशीची मर्यादा आली. नवजात आणि अतिदक्षता विभागांत रात्री जे हात कमी पडू लागले, त्यांची जागा नर्स प्रॅक्टिशनर आणि फिजिशियन असिस्टंट यांनी घेतली. माणसे नेमली, पण ती तयार नव्हती. अनुभवी सहकाऱ्याच्या मागे सहा महिने फिरवून तयार करण्याची जुनी पद्धत चालू राहिली. जिथे सहकारी चांगला तिथे चांगली, नाही तिथे वाईट. मग बऱ्याच रुग्णालयांनी बारा महिन्यांच्या फेलोशिप काढल्या.

असे वर्ष साधारण कसे जाते? एक महिना तातडीचा विभाग, दोन महिने अतिदक्षता, मग नवजात, हृदयरोग, फुप्फुसे, शस्त्रक्रियेनंतरची निगा. दर आठवड्याला अर्धा दिवस वर्ग. सिम्युलेशनच्या खोलीत प्लॅस्टिकचे बाळ निळे पडते आणि फेलोला चमूचे नेतृत्व करावे लागते. वर्षाच्या शेवटी एखादा गुणवत्ता-सुधारणेचा प्रकल्प. पगार पूर्ण नोकरीपेक्षा कमी. बऱ्याच ठिकाणी वर्गात नर्स आणि असिस्टंट एकत्र असतात. एकाने आजाराच्या निदानाची शिडी पाठ केलेली असते. दुसरीने वर्षानुवर्षे रात्रपाळीत मुलांचे चेहरे वाचलेले असतात. पहिल्या दोन महिन्यांत असिस्टंट चर्चेत पुढे असतो आणि मूल बिघडत चालल्याचे आधी नर्सच्या ध्यानात येते. वर्षअखेरीस हा फरक बराचसा बुजतो. १९६८ साली डेन्व्हरमध्ये दोन वेगळ्या वर्गांत जे वाटले गेले, ते इथे पुन्हा एकत्र होते.

तरी संख्या बेताची आहे. अमेरिकेत परवानाधारक नर्स प्रॅक्टिशनर साडेतीन लाखांवर गेले, फिजिशियन असिस्टंट पावणेदोन लाखांच्या आसपास. त्यांतले खास मुलांसाठी काम करणारे शंभरात पाचसुद्धा भरत नाहीत. ज्या पेशाचा पाळणा मुलांच्या दवाखान्यात हलला, त्याच पेशात मुलांकडे वळणारे इतके थोडे. कारण शोधायला लांब जायला नको. मुलांच्या उपचाराचा मोठा हिस्सा मेडिकेडवर असतो, आणि मेडिकेड वृद्धांच्या मेडिकेअरपेक्षा कमी पैसे देते.

भारतात या वाटेवर पावले पडली आहेत, ती वेगळ्या क्रमाने. भारतीय परिचर्या परिषदेने २०१६ च्या सुमारास दोन वर्षांचा निवासी पद्धतीचा नर्स प्रॅक्टिशनर अभ्यासक्रम आखला तो अतिदक्षतेचा, नंतर प्रसूतीचा. फिजिशियन असोसिएट हा वर्ग २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यवसायांच्या कायद्यात आला. मूल अजून रांगेत आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या स्त्रियांना नवजात बाळाची घरच्या घरी निगा शिकवली आणि १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्याचे परिणाम मांडले. डेन्व्हरशी त्याचा थेट संबंध नाही. नवजात मृत्यू कमी झाल्याचा जो पुरावा तिथे आहे, तो मात्र डेन्व्हरच्या कुठल्याही लेखापेक्षा ठोस आहे, हे म्हणायला हरकत नसावी.

लोरेटा फोर्ड २०११ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल विमेन्स हॉल ऑफ फेममध्ये दाखल झाल्या आणि जानेवारी २०२५ मध्ये, वयाच्या एकशेचाराव्या वर्षी, फ्लोरिडात वारल्या. त्यांच्या वर्गाला त्याच वर्षी साठ वर्षे झाली. त्यांनी सोडलेला एक प्रश्न अजून सुटलेला नाही, आणि तो पैशाचा आहे. निवासी डॉक्टरांच्या प्रशिक्षणाचा खर्च अमेरिकन सरकार मेडिकेअरमधून उचलते. मुलांच्या रुग्णालयांतल्या निवासी डॉक्टरांसाठी १९९९ पासून वेगळा निधी आहे. नर्स प्रॅक्टिशनर आणि फिजिशियन असिस्टंट यांच्या पदव्युत्तर वर्षासाठी असा कायमचा निधी नाही. २०१९ पासून प्राथमिक निगेच्या नर्सेससाठी काही केंद्रीय अनुदान सुरू झाले. पण अतिदक्षतेत किंवा नवजात विभागात शिकणाऱ्या फेलोचा भार रुग्णालय आपल्या तिजोरीतून सोसते. अंदाजपत्रक आवळले, की पहिली कात्री त्या जागेला लागते. १९६५ मध्ये कॉमनवेल्थ फंडाने दिले म्हणून वर्ग भरला. पुढच्या तुकडीला कोण देणार, हे बहुतेक मुलांच्या रुग्णालयांत आजही दर वर्षी नव्याने ठरते.